साडीमागची भिंत

भादवा लागला की मी घरातल्या भिंतींना हात लावत फिरते. आमचे हे बाजेवर पेपर वाचत बसलेले असतात. चष्म्यावरून बघतात अन् म्हणतात, "झाली का सुरू? नाडी लागायली का भिंतीची?" मी तळहात टेकवते, जरा थांबते. कोरडी भिंत हाताला नुसती गार लागते. ओल धरलेली भिंतही गारच लागते, पण हात उचलताना ती किंचित धरून ठेवते, जाऊ नको म्हणल्यासारखी. हा फरक मला आज कळतो तसा सात वर्षांपूर्वीही कळत होता. कळत नव्हता असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आम्ही मूळचे पेडगावचे. ह्यांना परभणीत मोंढ्यातल्या बी-बियाणाच्या दुकानात काम लागलं, म्हणून किरायाच्या घरात आलो, त्याला बारा वर्षं होतील. गावाकडं ओल हा लय लाडाचा शब्द. पाऊस उघडला की माणसं एकमेकांना पाऊस किती पडला हे विचारत नाहीत, "ओल किती गेली?" असं विचारतात. कुणी मातीत बोट खुपसून सांगतो, बोटभर. कुणी काठी रोवतो अन् वीतभर म्हणतो, आणि वीतभर म्हणताना त्याचं तोंड असं उजळतं की जणू घरात बाळंतीण सुखरूप सुटली. आमची रब्बीची ज्वारी तर निव्वळ ओलीवर निघते. वरून थेंब नाही, तरी कणीस भरतं. तेव्हा शहरात पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीची भिंत काळवंडली, तर मला भ्याव वाटलं नाही, नवल वाटलं. म्हणलं, बाई, इथं भिंतीलाही ओल जाते.

नवल चार दिवस टिकलं. मग बुरा यायला लागला. चपलांवर पांढरा, पापडाच्या डब्यात हिरवा, भिंतीवर काळा. ह्यांच्या कातडी पट्ट्याला एका सकाळी मिशा फुटल्या. आमच्या लग्नाचा फोटो काचेच्या आत होता, तर बुरा तिथंही पोचला अन् त्यानं ह्यांचा डावा कान खाल्ला. "बरं झालं," हे म्हणाले, "तुझं बोलणं मी त्याच कानानं ऐकत होतो." मग दुकानातून मोरचूद घेऊन आले. शेतात पानावर बुरशी आली की मोरचूद अन् चुना कालवून फवारतात ना, तेच ह्यांनी भिंतीला फासलं. भिंत निळीशार झाली. शेजारीण विचारायची, "काकू, एवढा भारी रंग कुठून आणला?" मी म्हणायचे, "मोंढ्यातून. द्राक्षाला बी चालतो." दोन वर्षं ती निळी भिंत गप्प राहिली.

घरमालकीण वाघमारे बाई खाली राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पण आवाज अजून वर्गातला. ओल परत आली तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की अर्धी ओल त्यांची अन् अर्धी आमची. "न्हाणीच्या नळाचं पाणी भिंतीत उतरतंय, ते मी कबूल करते. पाऊस सरला की गिलावा काढून नवा करून देते. पण ताई, तुमी खिडकी उघडत न्हाईत. घरातच सैपाक, घरातच कपडे वाळायलेत. ती वाफ जाईल कुठं?" मी फटकन म्हणले, "भिंत तुमची गळायली, अन् खिडकी आमी उघडायची व्हय?" जिन्यातल्या बाया खळखळून हसल्या. किरायदारानं घरमालकिणीला असं एक वाक्य ऐकवलं की वर्षभर पोट भरलेलं राहतं. मला लय बरं वाटलं होतं त्या दिवशी.

यंदाच्या भादव्यात अर्चूचा फोन आला. अर्चू माझी एकुलती लेक, देवगाव फाट्याजवळ दिलेली. तिला सात वर्षांची जुई आहे अन् आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत, पण तिच्या सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत. "आई, आठवा लागला की तुझ्याकडंच येते," ती म्हणाली. "अन् भिऊ नको, या वेळेस मी सीताफळाकडं बघणारसुद्धा न्हाई. सात वर्षं तोंडाला लावलं न्हाई, आता कशाला लावीन?" हसत हसत बोलत होती. सीताफळावर येतेच मी. आधी खिडकीचं सांगू द्या.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही वाचन ते किराण्याच्या पुड्यांवरचं. पण बाळंतपण करण्यात माझा हात धरणारी गल्लीत कुणी नव्हती. अर्चूचं पहिलं बाळंतपण आलं पोळ्याच्या तोंडावर. बाळंतिणीला वारा लागू नये हे मला माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. मी खिडकीच्या फटींत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले, वरून पोतं ठोकलं. बाजेखाली शेगडी. सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपाची धुरी. अंघोळीचं पाणी खोलीतच उकळायचं, अन् बाहेर झड लागलेली, म्हणून लेकराची लंगोटंही खोलीतच दोरीवर. माझ्या आईच्या घरी हे सगळं असंच चालायचं अन् लेकरं गुटगुटीत व्हायची. पण तिथं भिंती मातीच्या होत्या, अन् डोक्यावरच्या माळवदाला वाफ-धूर जायला भोक होतं. रीत मी सगळीच्या सगळी परभणीला आणली. भोक तेवढं गावी राहिलं.

तिसऱ्या दिवशी वाघमारे बाई लेकराला बघायला वर आल्या. दारातच त्यांनी नाक आक्रसलं. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास, त्यात ओव्याचा. हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, पोरीला माझ्या खालच्या खोलीत आणा. कोरडी हाय, ऊन येतंय. मला एकटीला दोन खोल्या काय करायच्यात?"

किती साधं होतं. तेरा पायऱ्या उतरायच्या होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढं विहीणबाई उभ्या राहिल्या. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरात, घरमालकिणीच्या घरात नव्हे. "लेकीला ठेवायला जागा न्हाई व्हय तुमच्याकडं?" असं त्या कधी म्हणल्या नसत्या, तेवढी माणसं चांगली आहेत ती. मी मात्र ते ऐकलं, अगदी त्यांच्या आवाजात. बाईंना म्हणले, "नको हो. आमच्याकडं काय कमी हाय?"

बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा टांगताना तो डाग दिसला. मोरचुदाचा निळा रंग कधीच उडून गेला होता. ताटाएवढा काळा डाग, अन् कडेनं सीताफळाच्या बियांसारखे सुटे ठिपके. ओल्या फडक्यानं पुसला, तर काळं आणखी फराटलं. सकाळी जीपभर पाहुणे यायचे होते. मी ट्रंक उघडली, माझी लग्नातली जांभळी जरीची साडी काढली अन् चार खिळ्यांवर ताणून भिंतभर लावली. पाळण्यामागं ती अशी काही खुलली की विहीणबाई दारातच थांबल्या. "बाई बाई बाई, काय सजवलंय हो!" सगळे फोटो त्या साडीपुढंच निघाले. त्यातला एक अजून त्यांच्या बैठकीत लावलेला आहे. मी तिथं गेले की फोटोकडं पाठ येईल अशी जागा बघून बसते. त्यांना वाटतं, मला पंख्याचा वारा लागतो.

बारसं झालं, साडी काढायची राहिली. राहिली म्हणजे काढली नाही. "छान दिसायली गं, राहू दे," अर्चू म्हणाली, अन् मी बरं म्हणले. पाळणाही तिथंच राहिला.

जुई महिन्याची होत आली तेव्हा वाघमारे बाईंच्या भावाच्या शेतातली पहिली सीताफळं आली. त्यांनी चार वर पाठवली. मी अर्चूला बजावलं, थंड असतं, अंगावर पिणाऱ्या लेकराला बाधतं, हात लावायचा नाही. तिनं माझी पाठ वळल्यावर एक खाल्लं. बिया कागदात गुंडाळून उशीखाली लपवल्या, शाळेतल्या पोरीसारख्या. अंथरूण झटकताना त्या मला सापडल्या तेव्हा मी रागावले, अन् मनात हसलेही. तिसऱ्या दिवशी जुईची छाती घरघरायला लागली. दूध ओढताना मधेच सोडायची अन् श्वासासाठी तोंड उघडायची. बरगड्या आत जायच्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी लेकराच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग कागदावर लिहिता लिहिता मान वर करून मलाच विचारलं, "आजी, घरात ओल आहे का? भिंतींना बुरशी वगैरे?"

शेजारी जावईबापू कागदं धरून उभे होते. जुईला खोकल्याची उबळ आली म्हणून अर्चू तिला छातीशी धरून बाहेर गेली होती. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी मनात कितीदा ऐकला असेल, अन् दर वेळेस मी खरं उत्तर देते. त्या दिवशी म्हणले, "न्हाई हो बाई. कोरडं ठाक घर आहे आमचं."

ओल हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच नाकारला. आमच्याकडं ओल नाही असं म्हणायला माणसाच्या जिवावर येतं, अन् मी ते इज्जतीसाठी म्हणले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोट्याला एकटं उभं राहवत नाही, ते जोडीदार शोधतं. "पोरीनं सीताफळ खाल्लं हो," मी म्हणले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "सीताफळानं असं नाही होत, आजी." पण ते कुणाच्या कानात राहिलं नाही. डॉक्टरचं बोलणं दवाखान्यात राहतं, म्हाताऱ्या बाईचं बोलणं घरी येतं. जावईबापूंनी आईला फोन केला, आईनं अर्चूच्या नणंदेला. दिवस मावळायच्या आत सगळ्या गणगोतात झालं, सीताफळ भोवलं.

चार दिवस जुईला ठेवून घेतलं. मुठीएवढ्या हातावर सुई, तोंडावर वाफेचा मुखवटा, त्याच्या काचेत तिचा श्वास दिसायचा अन् पुसायचा. अर्चू बाकड्यावर बसून रडायची. "एकच खाल्लं होतं गं आई. एकच." अन् मी, तिची आई, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणले, "आता रडून काय? पुढं जप."

दुसऱ्या दुपारी कपडे न्यायला घरी आले अन् साडीचा पहिला खिळा उपसला. साडी खाली पडली नाही. भिंतीला चिकटली होती. ओढली तशी चरचर करत सुटली. मागं ताटाएवढ्या डागाचा पाळण्याएवढा डाग झाला होता, अन् बरोबर पाळण्याच्या उंचीला. मऊ होता तो, मखमलीसारखा. मी बोट लावलं तर बोटाला काळी पूड आली, जराशी उडलीही, अन् मला पहिल्यांदा समजलं की ही उडते.

मी तिथंच फरशीवर बसले. वाघमारे बाई वर आल्या. त्यांनी भिंत बघितली, माझ्या मांडीवरची साडी बघितली. मला वाटत होतं, त्यांनी बोलावं. माझं ते जिन्यातलं वाक्य परत माझ्या तोंडावर फेकावं. त्यांनी खिडकीचं पोतं ओढून काढलं, गोधडीचे तुकडे उपसले, पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं अन् एक फडकं माझ्याकडं टाकलं. सोड्याचं गरम पाणी अन् काथ्या घेऊन आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत भिंत घासली. हात धुताना त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीला सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणले.

बाईंनी आपला शब्द पाळला. दिवाळीच्या सुमारास न्हाणीचा नळ बदलला, भिंत विटेपर्यंत खरवडून नवा गिलावा केला. मी खिडकी उघडी ठेवायला शिकले. भिंत तेव्हापासून कोरडी आहे. सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही.

साडी मी तीनदा धुतली, उन्हात टाकली, घडीत कडुनिंबाचा पाला घातला. ट्रंक उघडली की पहिला वास तिचाच येतो. कुणाला द्यावी, तर हे देणं कसलं. टाकून द्यावी, तर हात उचलवत नाही. जुईला ढगाळ हवेत अजून दम लागतो, दप्तरात तिचा छोटा पंप असतो. डॉक्टर म्हणतात, अशा गोष्टीचं एकच एक कारण सांगता येत नाही. ते वाक्य मी पुष्कळ दिवस पदराला बांधून फिरले. गाठ राहत नाही.

अन् वाघमारे बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त दर नवरात्रात सीताफळांची टोपली वर पाठवतात. आमचे हे मिटक्या मारत खातात, बिया अंगणात नेम धरून थुंकतात. "तू का खात न्हाईस?" म्हणतात. मी म्हणते, दाढ दुखायली. सात वर्षं माझी एकच दाढ दुखते आहे, अन् ह्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

यंदा नवरात्रात अर्चू आली. जुईला शाळा होती, ती तिकडंच राहिली. जावईबापू बॅग ठेवून चहा पिऊन गेले, हे दुकानात गेले. अर्चू आतल्या खोलीत बाजेवर पाय वर घेऊन बसली होती, अन् तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दर वर्षी टोपली कुणाच्या ना कुणाच्या हाती यायची, यंदा बाई स्वतः चढून आल्या होत्या. धापा टाकत टोपली बाजेपाशी ठेवली. "जिना चढवत न्हाई आता," म्हणाल्या, "पण म्हणलं, यंदा आपणच जावं." अर्चूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडं एकदा बघितलं अन् कठडा धरत उतरून गेल्या.

अर्चूनं पायाच्या अंगठ्यानं टोपली सरकवली. "आई, हे तिकडं ठेव गं. मला वास बी नको."

"अर्चू, सीताफळानं काही झालं नव्हतं."

"असू दे गं. आता कशाला ते?"

"असू दे न्हाई. ओल होती. ह्या भिंतीला. बारशाची साडी लावली होती ना मी, तिच्या मागं सगळं काळं झालं होतं. लेकराच्या नाकापाशी. डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरात ओल आहे का, तर मी न्हाई म्हणले. जावईबापू उभे होते म्हणून. अन् सीताफळाचं नाव मीच घेतलं."

तिनं मग अगदी हळू विचारलं, "डाग तुला कधी कळाला?"

"बारशाच्या आधीच."

"म्हणजे मी बाकड्यावर रडायले तवा तुला ठाऊक होतं."

"होतं."

मी वाट बघत होते की ती ओरडेल. लहानपणी भांडी आपटायची तशी काहीतरी आपटेल. तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले. "जुईला पंप मारताना," ती म्हणाली, "दर वेळेस माझ्या तोंडात त्या फळाची चव येती, आई. सात वर्षं. सासूबाई काही बोलत न्हाईत, पण बाजारात सीताफळं दिसली की माझ्याकडं बघतेत. अन् मी मान खाली घालते."

मला पुष्कळ बोलायचं होतं. विहीणबाई, माहेरची अब्रू, माझ्या आईची रीत, माळवदाचं भोक. सगळं ओठांपर्यंत आलं, अन् त्यातलं एकही तिच्या कामाचं नाही हे कळून परत गेलं. "तुझ्या सासूबाईंना मी सांगते," एवढं म्हणले. "उद्याच फोन करते."

"फोन नको. तिथं येऊन सांग. त्या फोटोपुढं बसून."

"येते."

ती उठली. जड झाली आहे आता, बाजेची कड धरून उठते. भिंतीपाशी गेली अन् तळहात टेकवला. जरा थांबली. मी कधी शिकवलं नव्हतं तिला हे. हात उचलून बघितला, गाऊनला पुसला. खिडकी उघडीच होती, तरी तिनं दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत ढकलली. चहा दिला, तो निवून गेला. ऊन खिडकीतून बाजेवर आलं, बाजेवरून टोपलीवर.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं टोपली ओढली. फळं दाबून बघितली, डोळे सुटलेलं एक निवडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. पहिला घास तोंडात घोळवत घोळवत गिळला. मग मान न वळवता, शेजारणीला विचारावं तशा कोरड्या आवाजात म्हणाली, "बिया कुठं टाकू?"

ताट आणायला आत जाता आलं असतं मला. मी हात पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, अन् ओली काळी बी माझ्या तळव्यावर टाकली. मग दुसरी. मी हात तसाच धरून बसले, तिचं फळ सरेपर्यंत.